पहिला स्टॉल लावायचाय – छोटं प्रदर्शन घेऊ की मोठं?

सुईदोरा | ४ ऑगस्ट, रात्री ११.०५

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी पुण्यात सिंहगड रस्त्याला राहते. नोकरी सोडून दोन वर्षं झाली. शिवण आधीपासून येतं, आता खणाच्या पर्स, मोबाईलचे पाऊच आणि बाळांची दुपटी करते. दुपटी जुन्या सुती साड्यांची, हाताने धावदोरा घातलेली. आत्तापर्यंत सगळं ओळखीत गेलं. ओळखीत म्हणजे निम्मं भेट म्हणून आणि निम्मं "अगं, पैसे नंतर देते हं" म्हणून.

दिवाळीआधी एखादा स्टॉल लावावा असं फार मनात आहे. दोन ठिकाणं समोर आहेत. एक आमच्या जवळच्या सोसायटीच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार, एक टेबल, भाडं १५०० रुपये. दुसरं शहरातल्या एका मोठ्या मैदानावर, तीन दिवस, १२,००० भाडं आणि वर ३,००० डिपॉझिट. तिथले आयोजक म्हणाले की शेवटचे चारच स्टॉल उरलेत, परवापर्यंत कळवा.

पर्स मी २५० ला देते. कापड, अस्तर, चेन सगळं धरून ९० रुपये पडतात, म्हणजे १६० सुटतात. नवरा म्हणतो घ्यायचं तर मोठंच घे. सासूबाई म्हणतात, आधी घरातल्या पडद्यांना हेम घाल.

काय करू?

मांजरपुराण | ४ ऑगस्ट, रात्री ११.१९

रुमाल टाकून ठेवते. मलाही हेच विचारायचं होतं. (मी क्रोशाच्या बाहुल्या करते.)

पेठकरी_काका | ४ ऑगस्ट, रात्री ११.४०

ते "शेवटचे चार स्टॉल" मला चांगले आठवतात. आमच्या हिने सहा वर्षांपूर्वी त्यातलाच एक घेतला होता. अजून चारच उरलेत म्हणजे कमाल आहे.

पडद्यांच्या बाबतीत सासूबाईंशी सहमत.

हिशेबनीस | ५ ऑगस्ट, सकाळी ७.५२

ताई, मी व्यवसायाने हिशेब तपासणारा माणूस, त्यामुळे रूक्ष बोलतो, राग नसावा.

मोठं प्रदर्शन: भाडं १२,०००. एका पर्समागे सुटतात १६०. म्हणजे नुसतं भाडं निघायला ७५ पर्स विकायला हव्यात. टेम्पो, जेवण, चहा अजून धरलेलंच नाही. तीन दिवस रोज दहा तास धरले, तर तासाला अडीच पर्स. आणि ७६ वी पर्स विकली गेली की तुमच्या खिशात पहिले १६० रुपये.

आता खरा प्रश्न. एक पर्स शिवायला किती वेळ लागतो?

सुईदोरा | ५ ऑगस्ट, सकाळी ९.३०

अंदाजे दीड तास. खणाचा पन्हा कमी असतो, त्यामुळे बुट्टी आणि काठ जुळवून कापण्यातच वेळ जातो. आणि फ्यूजिंग (इस्त्रीने चिकटवायचं ताठ अस्तर) लावल्याशिवाय पर्सला आकार राहत नाही.

हिशेबनीस | ५ ऑगस्ट, सकाळी ९.३८

७५ गुणिले दीड म्हणजे एकशे साडेबारा तास. ते मैदानाच्या मालकाला अर्पण. तुमची मजुरी तुम्ही किमतीत धरलेलीच नाही. १६० रुपये "सुटत" नाहीत, ती मजुरी आहे, आणि त्याच मजुरीतून तुम्ही भाडंही भरणार आहात.

सुईदोरा | ५ ऑगस्ट, सकाळी ९.४१

अरे देवा.

खडूस_मी | ५ ऑगस्ट, सकाळी १०.१५

प्रदर्शनांच्या भानगडीत पडूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे येणारी नव्वद टक्के माणसं वडापाव खायला येतात. उरलेली पर्स हातात घेतात, उलटीसुलटी करतात, चेन चार वेळा उघडझाप करतात आणि बहिणीला म्हणतात, "हे आपल्यालाही जमेल गं." फोटो काढतात आणि जातात. त्यापेक्षा व्हॉट्सॲपवर ग्रुप करा, फोटो टाका, ऑर्डर घ्या, मग शिवा. भाडं शून्य.

टाकाऊतून | ५ ऑगस्ट, सकाळी ११.०२

खडूस, अर्धं पटलं. पण खण हा फोटोत कळणारा माल नाही. हातात घेतल्यावर कळतो. शिवाय ग्रुपवर तीच शंभर माणसं असतात, आणि शंभर माणसं वर्षाला किती पर्स घेणार? नवीन गिऱ्हाईक कुठून आणायचं?

मी सहा वर्षं स्टॉल लावतेय (जुन्या जीन्सच्या पिशव्या). पहिल्या वर्षीच्या ओळखींवर आजही ऑर्डरी येतात. पण हो, पहिलं प्रदर्शन छोटंच घ्यावं. १५०० बुडाले तर रडू येत नाही.

कोल्हापुरी_ठसका | ५ ऑगस्ट, दुपारी २.२०

मोठ्या मैदानाची माझी गोष्ट ऐका, मग ठरवा.

चार वर्षांपूर्वीची. गाव सांगत नाही, आयोजकही सांगत नाही. नकाशावर मला दाखवला होता प्रवेशद्वारापासून तिसरा स्टॉल, कोपऱ्याचा. त्या कोपऱ्याचे दोन हजार जास्त भरले. सकाळी टेम्पो घेऊन पोचले तर माझा नंबर गेला होता पार मागच्या रांगेत, स्वच्छतागृहाच्या वाटेवर. विचारलं तर म्हणाले, "मॅडम, उलट तिथे सगळेच येतात." आता येतात हे खरं, पण त्या घाईत कोण टेराकोटाचं कानातलं बघणार आहे?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परतीचा पाऊस. वर नुसतं कापड, त्याला पोटं आली पाण्याची. शेजारच्या लोणच्यावाल्या मावशी झाडूच्या दांड्याने ते पाणी खालून ढकलत होत्या आणि ते धबाधबा माझ्या टेबलावर. कागदी डबे सगळे लगदा. मातीचे दागिने भाजलेले असल्यामुळे वाचले, पण पुठ्ठ्यांवरचे रंग उतरून सगळं गुलाबी. डिपॉझिट परत मिळायला दोन महिने आणि अकरा फोन लागले.

तेव्हापासून पैसे भरायच्या आधी मी हे विचारते: वर पत्रा आहे की कापड? टेबल किती फुटी, खुर्च्या किती, दिव्याचा पॉइंट त्यात धरलाय की वेगळे पैसे? माझ्यासारखाच माल असलेले स्टॉल किती देताय? जाहिरात कुठे करताय, फ्लेक्स लागलेत का? आणि नंबर बदलणार नाही हे लेखी द्या. शेवटच्या प्रश्नाला जो चिडतो त्याच्याकडे जायचं नाही.

त्याहून सोपं म्हणजे एक वर्ष आधी त्याच प्रदर्शनाला गिऱ्हाईक म्हणून जायचं. लोकांच्या हातात कसल्या पिशव्या आहेत ते बघायचं. रिकाम्या हातांनी बाहेर पडत असतील तर समजून जायचं.

पेठकरी_काका | ५ ऑगस्ट, दुपारी २.४५

"उलट तिथे सगळेच येतात" हे वाक्य लिहून ठेवतो.

मांजरपुराण | ५ ऑगस्ट, दुपारी ३.१०

हसू की रडू कळेना, ठसकाताई.

माझा एकमेव अनुभव: मी गेल्या वर्षी मैत्रिणीच्या टेबलावर कोपरा मागून बाहुल्या ठेवल्या होत्या. समोरच्या स्टॉलवर "हँडमेड" अशी पाटी लावून घाऊक बाजारातून आणलेले कीचेन, शंभरला तीन. माझी एक बाहुली ४५० ला, आठ तासांचं काम. एक मुलगा माझ्या मांजराला मिठी मारून बसला होता, त्याच्या आईने त्याला उचललं आणि समोरून तीन कीचेन घेऊन दिले. दोन दिवसांत एक बाहुली गेली. ती मैत्रिणीनेच घेतली, बहुधा दयेने.

हातचं आणि विकत आणलेलं एकाच रांगेत बसवणारे आयोजक टाळावेत असं वाटतं, पण कळणार कसं?

टाकाऊतून | ५ ऑगस्ट, दुपारी ४.००

मांजर, त्याला एक उपाय आहे: स्टॉलवर काम करत बसायचं. सुई हातात दिसली की लोक थांबतात. तू क्रोशाची सुई घेऊन बस, अर्धी झालेली बाहुली मांडीवर ठेव. "हे तुम्ही स्वतः करता?" हा प्रश्न आला की निम्मं काम झालं. शिवाय मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेल्या विक्रेत्याकडे कोणी येत नाही.

आता मांडणीबद्दल, कारण नवीन लोक इथेच मार खातात. टेबलावर सगळं आडवं पसरू नका. चालत्या माणसाला आडवं टेबल दिसतच नाही, पुढे उभ्या असलेल्यांच्या पाठी दिसतात. माल डोळ्यांच्या उंचीला हवा. मी घरातला कपडे वाळत घालायचा घडीचा स्टँड नेते, त्याला पिशव्या अडकवते. खर्च शून्य. टेबलाला जमिनीपर्यंत पोचेल अशी एकरंगी चादर, म्हणजे खाली खोकी, डबा, चपला सगळं लपतं. खण मुळात रंगीत, तेव्हा खाली फुलाफुलांची चादर घातलीत तर पर्स हरवून जाईल. पांढरट किंवा मातकट रंग घ्या.

प्रत्येक वस्तूला किंमत लावा, ठसठशीत. पुष्कळ लोक किंमत विचारायला लाजतात आणि पुढे सरकतात. आणि टेबलावर सगळंच्या सगळं ओतू नका. दहा वेगळ्या पर्स बाहेर, बाकीच्या खोक्यात. ढीग दिसला की माणूस सेल समजतो आणि लगेच कमी करून मागतो.

किरकोळ पण महत्त्वाचं: सेफ्टी पिना, कात्री, दोऱ्या, चिकटपट्टी, ५० आणि १० च्या सुट्ट्या नोटा, हातआरसा, पाणी. आणि कोणीतरी जोडीला हवंच. एकटीने बसलं तर दिवसभर पाणी प्यायचीही चोरी.

खडूस_मी | ५ ऑगस्ट, दुपारी ४.२२

क्यूआर कोड विसरलात. आणि तळघरातल्या हॉलमध्ये रेंज नसते. गिऱ्हाईक "झालं ट्रान्सफर" म्हणून निघून जातं आणि पैसे कुठेतरी फिरत राहतात. आमच्या मेव्हणीचा कोड नवऱ्याच्या खात्याचा होता, तो बसला ऑफिसात. दर विक्रीला ती त्याला फोन करून विचारायची, "आले का?" तिसऱ्या तासाला त्याने फोन बंद केला.

पेठकरी_काका | ५ ऑगस्ट, दुपारी ४.३०

मेव्हणीच्या नवऱ्याचं बरोबर आहे.

बोरीबाभळी | ५ ऑगस्ट, संध्या. ६.१५

विषयांतराबद्दल माफी, पण सुईदोरा, दुपट्यांचे फोटो टाका ना. आमच्याकडे बार्शीला आजी वाकळ म्हणायची. जुनी लुगडी, मध्ये धोतराचे थर, आणि बाहेरून आत चौकोनी फिरत जाणारा दोरा. चारी कोपऱ्यांना त्रिकोणी कापड.

कोल्हापुरी_ठसका | ५ ऑगस्ट, संध्या. ६.४०

आमच्याकडेही वाकळच. गोधडी हा शब्द मी पुण्यात आल्यावर ऐकला. चार बायका चार बाजूंना बसून टाके घालायच्या, आणि मधल्या मध्ये गावातल्या सगळ्या बातम्या शिवल्या जायच्या.

खडूस_मी | ५ ऑगस्ट, संध्या. ७.०५

सगळं छान, पण एक कटू प्रश्न. जुन्या साड्यांचं दुपटं अनोळखी माणूस आपल्या बाळासाठी विकत घेईल? घरातल्या आजीची साडी असेल तर माया. दुसऱ्याच्या घरची असेल तर "कोणाची होती कोण जाणे". मी तरी घेणार नाही.

बोरीबाभळी | ५ ऑगस्ट, संध्या. ७.२०

मी घेईन. जुन्या सुतासारखं मऊ नवं कापड कुठून आणणार?

टाकाऊतून | ५ ऑगस्ट, रात्री ८.१०

दोघांचंही खरं आहे. माझ्या जीन्सच्या बाबतीत हेच होतं. मी पाटीवर सरळ लिहिते, "जुन्या जीन्सपासून, दोनदा गरम पाण्यात धुतलेल्या". जे बिचकतात ते बिचकतात. न सांगता विकलं आणि नंतर कळलं, तर ते गिऱ्हाईक कायमचं जातं.

दुसरा मार्ग: सुईदोरा, दुपटी विकायला ठेवूच नका, नमुना म्हणून दोन ठेवा. "तुमच्या आईच्या, आजीच्या साड्या द्या, मी शिवून देते" अशी पाटी लावा. कापड त्यांचं, मजुरी तुमची. जुन्या कापडाचा प्रश्नच मिटला.

सुईदोरा | ५ ऑगस्ट, रात्री ८.४५

हे डोक्यातच आलं नव्हतं! सगळ्यांचे खूप आभार. फोटो उद्या उजेडात काढून टाकते.

फेसाळ | ६ ऑगस्ट, सकाळी १०.००

मी घरी साबण करते, कोरफड, हळद वगैरे घालून. मलाही स्टॉल लावायचाय. परवाने लागतात का? कोणी म्हणतं जीएसटी नंबर हवाच, कोणी म्हणतं काही लागत नाही.

हिशेबनीस | ६ ऑगस्ट, सकाळी १०.५५

एकेक घेऊ.

जीएसटी: महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या वर गेल्याशिवाय नोंदणी सक्तीची नाही. ही मर्यादा १ एप्रिल २०१९ पासून आहे. राज्याबाहेर माल विकायचा तर एरवी नोंदणी लागते, पण हाताने केलेल्या आणि हस्तकलेच्या सरकारी यादीत बसणाऱ्या वस्तूंना २० लाखांपर्यंत काही अटींवर सूट आहे. त्यामुळे "नंबर असल्याशिवाय स्टॉल नाही" असं आयोजक म्हणाले, तर तो त्यांचा नियम, सरकारचा नव्हे.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी): सक्तीची नाही, पण करून ठेवा. १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते आणि सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत आहे. दोन-तीन हजार मागणारी, सरकारीसारखी दिसणारी पानं निघाली आहेत, त्यांना भुलू नका.

साबण: इथे मात्र थांबा. अंगाचा साबण कायद्याने सौंदर्यप्रसाधनात मोडतो, आणि ते विकण्यासाठी बनवायचं तर एफडीएचा (अन्न व औषध प्रशासनाचा) उत्पादन परवाना लागतो. प्रदर्शनात पुष्कळ जण परवान्याविना विकतात हे मलाही माहीत आहे. पण एखाद्याच्या अंगावर पुरळ उठलं तर तुमच्या हातात काय?

आणि मांजरपुराण, तुमच्या बाहुल्यांचंही आहे. १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. त्यांचं ते "पहचान" ओळखपत्र काढून घ्या. खेळणं म्हणून विकत असाल तर ते पाहिजेच.

मांजरपुराण | ६ ऑगस्ट, सकाळी ११.१०

मी त्यांना आजपासून "शोभेची मांजरं" म्हणणार आहे. (गंमत हो. कार्डाचं खरंच बघते.)

फेसाळ | ६ ऑगस्ट, सकाळी ११.३२

धन्यवाद हिशेबनीस. वाईट वाटलं, पण कळलं ते बरं झालं. साबण घरातच ठेवते, तोवर मेणबत्त्यांकडे वळावं म्हणते.

करवंटी | ६ ऑगस्ट, दुपारी १.१५

गोव्यातून लिहितोय. मी नारळाच्या करवंटीचे डवले (वाढायचे डाव), वाट्या, दिवे करतो. सुरुवात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केली, मग हणजुण्याच्या (अंजुनाच्या) बुधवारच्या बाजारात.

दोन बाजारांतला फरक सांगतो. म्हापशात आमचेच लोक, त्यांना डवला हवा, कारण घरातला मोडलाय. दहा रुपयांवरून वाद घालतील, पण दर पावसाळ्याआधी परत येतील. हणजुण्यात पर्यटक, त्यांना डवला म्हणजे काय तेच माहीत नाही, पण त्याच करवंटीत मेण ओतलं की तिप्पट किंमत देतात. म्हणजे माल तोच, बाजार बघून आकार बदलायचा. सोसायटीतल्या बायकांना काय लागतं आणि मैदानावर फिरायला आलेल्यांना काय लागतं, हे ताईंनी आधी बघावं. मला वाटतं सोसायटीत पाऊच जास्त जाणार.

थंडगार_टोरांटो | ६ ऑगस्ट, संध्या. ७.५०

आमच्याकडे मराठी मंडळाच्या दिवाळीत मी आकाशकंदील विकते. तुमच्या सगळ्या अडचणी इथेही आहेत, "हे भारतात पन्नास रुपयांना मिळतं" यासकट. त्यावर मी एकदा म्हटलं, "हो, विमानाचं तिकीट काढा, घेऊन या." त्या बाई अजून बोलत नाहीत. कंदील मात्र घेतला.

पेठकरी_काका | ६ ऑगस्ट, संध्या. ८.०५

आमच्या पेठेत अशा उत्तराला सौम्य समजतात.

बोरीबाभळी | ७ ऑगस्ट, सकाळी ९.१०

घासाघीस करणाऱ्यांचं करायचं काय, हे कोणी सांगेल का? मी रुखवताच्या वस्तू करते, आणि लग्नघरातले लोक तर दोन लाखांचा हॉल घेऊन माझ्या सुपारीच्या भटजी-यजमानावर शंभर रुपये कमी करा म्हणतात.

खडूस_मी | ७ ऑगस्ट, सकाळी ९.४०

किंमत आधीच वीस टक्के चढवून ठेवायची आणि मग "तुमच्यासाठी" म्हणून उतरवायची. सगळे हेच करतात.

कोल्हापुरी_ठसका | ७ ऑगस्ट, सकाळी १०.०५

मला हे बिलकुल पटत नाही. जो सभ्यपणे किंमत वाचून पैसे देतो, त्याच्याकडून वीस टक्के जास्त घ्यायचे, आणि जो हुज्जत घालतो त्याला सवलत? उलटा न्याय झाला. मी एकच दर ठेवते. शेवटच्या दिवशी, शेवटच्या तासालाही तोच. एकदा तुम्ही संध्याकाळी उतरवलेत की पुढच्या वर्षी लोक संध्याकाळीच येतात. दोन घेतल्या तर एक छोटी वस्तू वर देते, ते वेगळं.

टाकाऊतून | ७ ऑगस्ट, सकाळी १०.३०

ठसकाला अनुमोदन. आणि सुईदोरा, तुमची पर्स २५० ला नकोच. चेन चांगली घाला (रविवार पेठेत बोहरी आळीत धातूची चेन आणि रनर घाऊक मिळतात), अस्तराला आत एक कप्पा द्या, आणि ३५० लावा. स्वस्त ठेवलं की लोकांना वाटतं, यात काहीतरी खोट आहे.

पेठकरी_काका | ७ ऑगस्ट, सकाळी १०.४४

एक धोका कोणी सांगितला नाही. आमची ही तीन दिवसांत सात हजारांचा माल विकून आली आणि शेजारच्या स्टॉलांवरून आठ हजारांचा घेऊन आली. त्यातला एक पितळी मोर अजून दिवाणखान्यात माझ्याकडे बघतोय.

सुईदोरा | ७ ऑगस्ट, दुपारी १२.२०

ठरलं. छोटं घेतलं. मोठ्या प्रदर्शनवाल्यांना नाही कळवलं, तर त्यांचा फोन आला की दहा हजारांत देतो. शेवटच्या चारांतले अजून चारही शिल्लक आहेत म्हणे.

---

सुईदोरा | १३ ऑक्टोबर, रात्री १०.४०

धागा वर काढतेय. झाला एकदाचा स्टॉल!

आधी फजिती सांगते. किमतींची लेबलं रात्री दोन वाजेपर्यंत जागून लिहिली आणि घरीच विसरले. पहिला तास सगळ्यांना तोंडी सांगत होते आणि दरवेळी आवाज बारीक होत होता. "तीनशे... पन्नास." एका बाईंनी विचारलं, "तीनशे की पन्नास?" मग नवऱ्याला पिटाळलं. लेबलं आल्यावर खरंच फरक पडला, लोक वाचून स्वतःच पाकीट काढायला लागले. कपडे वाळत घालायचा स्टँड तर हिट. दोघींनी तो स्टँडच कितीला म्हणून विचारलं.

भवानी झाली एका आजींच्या हातून. त्यांनी सगळ्या पर्स बघितल्या, एकही घेतली नाही, आणि म्हणाल्या, "माझ्या चष्म्याला काही आहे का?" मोबाईलच्या पाऊचमध्ये त्यांचा चष्मा बरोब्बर बसला. दीडशे रुपये, सगळ्या दहाच्या नोटा. त्यानंतर मी पाटीवर "मोबाईल / चष्मा" असं पेनने लिहिलं आणि तेच सगळ्यात जास्त खपलं. करवंटीदादा, तुमचा अंदाज बरोबर.

आता हिशेबनीसांसाठी. पाऊच २२ गेले, १५० प्रमाणे ३,३००. पर्स ६, ३५० प्रमाणे २,१००. दुपटं १, ते ९००. एकूण ६,३००. भाडं १,५००, रिक्षा ४००, सामान २,०६०. हातात राहिले २,३४०. शिवण्याचे आणि दोन दिवस बसण्याचे मिळून ५२ तास झाले. तासाला ४५ रुपये. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "चांगलं आहे की." मी त्याला सांगितलं, आपल्याकडे भांड्यांना येणाऱ्या ताई यापेक्षा जास्त घेतात, आणि बरोबरच घेतात.

पितळी मोर घेतला नाही, काका. एक तांब्या घेतला. लहान आहे.

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, रात्री १०.५८

पहिल्याच खेपेला तोटा नाही, उत्तम. पाऊचला अर्धा तास लागतो ना? सुटतात किती?

सुईदोरा | १३ ऑक्टोबर, रात्री ११.०४

पाऊचला सामान ४५ चं, म्हणजे अर्ध्या तासाचे १०५. पर्सला सामान आता १२० चं, म्हणजे दीड तासाचे २३०. म्हणजे पाऊचच... अरेच्चा. तासाला दोनशे दहा विरुद्ध दीडशे. आणि मी उगाच पर्सच्या मागे लागले होते.

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, रात्री ११.०६

:)

खडूस_मी | १३ ऑक्टोबर, रात्री ११.१५

दुपटं कोणी घेतलं ते सांगा. मी "कोणी घेणार नाही" म्हटलं होतं, मला हरायचंय.

सुईदोरा | १३ ऑक्टोबर, रात्री ११.२७

अर्धे हरलात. टाकाऊतून ताईंनी सांगितलेली पाटी लावली होती. रविवारी दुपारी एक मुलगी आली, सातवा महिना असेल. नमुन्याचं दुपटं गालाला लावून बघितलं आणि तेच हवं म्हणाली. मी सांगितलं, जुन्या साडीचं आहे, ही माझ्या मावशीची साडी. ती म्हणाली, "मग चांगलंच आहे. आमच्याकडे साड्या नेसणारं कोणी नाही."

आणि शिवाय तीन ऑर्डरी आल्यात, त्यांच्या त्यांच्या साड्यांच्या. एकीने आईची इरकल आणून दिली. काठ इतका सुंदर आहे की कात्री लावायला हात धजत नाही. दोन दिवस ती नुसती घडी उघडून बघतेय.

बोरीबाभळी | १३ ऑक्टोबर, रात्री ११.३५

कापू नका. काठ अख्खा ठेवून चारी बाजूंना फिरवा, कोपऱ्यात दुमडा. आजी तसंच करायची.

मांजरपुराण | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.२०

अभिनंदन! माझं पहचान कार्डाचं काम मार्गी लागलंय. डिसेंबरात कर्वेनगरला एका हॉलमध्ये दोन दिवसांचं प्रदर्शन आहे, टेबल २,४०० ला. अर्धं अर्धं घ्यायचं का? तुमचे पाऊच, माझी शोभेची मांजरं.

सुईदोरा | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.३१

घेऊया! पत्रा आहे की कापड, विचारलं का?

मांजरपुराण | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.३३

हॉल आहे हो, स्लॅब आहे. :) चादर मी आणते, मातकट. स्टँड तुमचा.

सुईदोरा | १४ ऑक्टोबर, सकाळी ८.३४

आणि लबेलं? *लेबलं. ती तुम्ही आणा.